फोन कानाला, चाळीस मिनिटं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पुलँकच्या ‘ला व्वा युमेन’ (‘मानवी आवाज’) या एकांकी ऑपेराविषयी या वेळी बरीच पत्रं आली. ज्यांना हा ऑपेरा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रंगमंचावर एकच सोप्रानो, म्हणजे स्त्रियांतल्या सर्वांत उंच आवाजाची गायिका, असते. तिला नाव नाही, संहितेत नुसतं ‘ती’. सोडून गेलेल्या प्रियकराशी ती फोनवर शेवटचं बोलते. त्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. शब्द फ्रेंच लेखक झाँ कॉक्तोचे, त्याच्याच १९३० सालच्या नाटकातले. प्रयोग साधारण ४० मिनिटांचा, मध्ये विश्रांती नाही.

प्रश्न: मुलगी २२ वर्षांची आहे, सोप्रानो आहे. वर्षअखेरीच्या कार्यक्रमात तिला हा ऑपेरा सबंध करायचाय. बाई म्हणतात, अजून थांब. पण तरुण स्त्रीच हवी असं संगीतकारानेच लिहून ठेवलंय ना? — एक पालक, ठाणे

लिहिलंय खरं. छापील स्वरलिपीच्या आरंभी पुलँकने सूचना दिल्या आहेत. भूमिका तरुण, डौलदार स्त्रीने करावी, प्रियकराने टाकलेल्या वयस्क बाईची ही गोष्ट नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. मात्र ज्या गायिकेसाठी त्याने ही भूमिका लिहिली ती दनीझ द्युव्हाल ६ फेब्रुवारी १९५९ला पॅरिसच्या ऑपेरा-कोमीकमध्ये पहिल्या प्रयोगाला उभी राहिली तेव्हा ३७ वर्षांची होती. त्याआधी १९४७ पासून ती पुलँकच्या मोठ्या भूमिका गात होती. म्हणजे पात्र तरुण हवं, गळा मुरलेला हवा. बाईंचं ऐका.

लोकांना वाटतं अडचण वरच्या सुरांची असेल. तसं नाही, वरचे सूर मोजके आहेत आणि चांगल्या तयारीच्या मुलीला ते लागतात. भूमिकेचा मोठा भाग मधल्या सप्तकात, जवळजवळ बोलण्याच्या उंचीवर आहे आणि विशीतल्या सोप्रानोचा आवाज नेमका तिथेच पातळ असतो. ऑर्केस्ट्रा चढला की ती छातीचा आवाज दाबून वर ओढते. विसाव्या मिनिटाला घसा जड होतो. शेवटचे ‘जतेम’ (‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’) अगदी हळू म्हणायचे असतात, तेव्हा सुरात नुसती हवा येते. शिवाय रडण्याचा अभिनय करताना घसा आवळला जातो, तो पुढच्या ओळीपर्यंत सुटत नाही.

वय बघण्यापेक्षा चाचणी घ्या. सबंध संहिता तालात, सुरांशिवाय, मोठ्याने एका दमात वाचायला सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर वरच्या एफ-जीच्या आसपास अगदी हळू गुणगुणता आलं पाहिजे. आवाज फाटला किंवा सुरू व्हायला अडला, तर बोलतानाच ती घशावर जोर देतेय. हे जमलं तर मग १० दिवसांत तीन वेळा सबंध गाऊन बघायचं, दोन खेपांमध्ये निदान दोन दिवस मोकळे ठेवून. तिसऱ्या खेपेचा शेवट पहिल्या खेपेइतका स्वच्छ असेल तर बाईंशी पुन्हा बोलायला हरकत नाही.

यंदासाठी दहाएक मिनिटांचे उतारे पुरेत. व्हर्सायच्या रविवारची आठवण घ्या, आणि आदल्या रात्री झोपेच्या गोळ्या घेतल्याची ती कबुली देते तो मंद वॉल्ट्झच्या (तीन ठोक्यांच्या नाचाच्या) लयीतला भाग घ्या. सबंध कामाचा कस या दुसऱ्या उताऱ्यात लागतो. विषय आत्महत्येच्या प्रयत्नाचा आहे, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत तशी पूर्वसूचना छापा. तालमीनंतर मुलीला लगेच घरी पाठवू नका, दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलू द्या.

प्रश्न: शब्द पाठ आहेत, सूर पाठ आहेत, तरी मी ‘फोनवर बोलणारी’ वाटत नाही, असं दिग्दर्शक म्हणतात. नेमकं काय करू? — एक गायिका, वसई

तुम्ही तुमच्याच ओळी पाठ केल्या आहेत, पलीकडच्या प्रियकराच्या केलेल्या नाहीत. एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. पहिल्यात तिचे शब्द. दुसऱ्यात तो पलीकडून जे बोलला असेल ते, तुमच्या मनाने, मराठीत. तिसऱ्यात फक्त ‘खरं’ किंवा ‘खोटं’.

तिसऱ्या रकान्याने डोळे उघडतील. मार्थकडे जेवले, अंगावर गुलाबी पोशाख आहे, असं ती सुरुवातीला सांगते. पुढे कबूल करते की जेवण झालेलंच नाही आणि झोपायच्या कपड्यांवर नुसता कोट चढवलाय. तोही घरून बोलतोय असं भासवतो, पण मागे संगीत वाजतंय. शेजाऱ्यांना जरा भिंतीवर ठोकून सांग, इतक्या रात्री काय ग्रामोफोन लावतात, असं तीच म्हणते. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत खोटं बोलताहेत. हे लक्षात आलं की एका सुरात रडत राहण्याचा मोह आपोआप कमी होतो.

मग जोसेफची जागा घ्या. आमच्या मते ऑपेराचा कणा इथे आहे. लाइन तुटते, ती त्याच्या घरचा नंबर मागते, नोकर जोसेफ फोन घेतो. साहेब घरी नाहीत, आज येणारही नाहीत. इतका वेळ तो घरून बोलतोय असं ती धरून चालली होती. आता नोकरासमोर लाज राखायची म्हणून ती स्वतःच थाप मारते, की मीही कशी वेडी, साहेब रेस्टॉरंटमधून बोलत होते आणि मी घरचा नंबर मागितला. जोसेफने ‘नाहीत’ म्हटल्यावरचा विराम आधीच्या सगळ्या विरामांपेक्षा लांब हवा आणि त्यानंतरचा आवाज अगदी नीट, मालकिणीचा. बहुतेक मुली इथे कोसळतात. कोसळायचं नाही. फोन ठेवल्यावर काय करायचं ते करा.

विरामांची लांबी हा स्वतंत्र अभ्यास आहे. फर्माटा, म्हणजे सूर किंवा विराम लांबवण्याची खूण, किती लांब धरायचा ते गायिकेच्या अभिनयावर अवलंबून राहील आणि कंडक्टरने तिच्याबरोबर बसून आधीच बारकाईने ठरवावं, हीही पुलँकचीच सूचना. तेव्हा दुसऱ्या रकान्यातलं त्याचं वाक्य मनात नेहमीच्या वेगाने बोला, जेवढा वेळ लागेल तेवढा विराम. ‘हो’ एवढंच असेल तर एक सेकंद, समजूत घालत असेल तर सहा-सात. ठरलेला आकडा पेन्सिलने स्वरलिपीत मांडा, तुमच्या प्रतीत आणि कंडक्टरच्याही. हे केलं नाही तर सगळे विराम तीन-तीन सेकंदांचे होतात आणि बोलणं पाढे म्हटल्यासारखं ऐकू येतं.

पहिले दोन आठवडे एखाद्या मैत्रिणीला शेजारच्या खोलीत खरा फोन घेऊन बसवा. तिने दुसरा रकाना वाचायचा, तुम्ही गायचं. नंतर तिला उठवा. श्वासही तपासा. पुढच्या ओळीसाठी म्हणून श्वास घेतला की प्रेक्षकांना गायिका दिसते. त्याचं म्हणणं कळलं त्या क्षणी घ्या, मग तो तिचा होतो.

प्रश्न: फ्रेंच उच्चारांत मराठी आणि कोंकणी माणसं कुठे चुकतात? — पणजी

आधी आपल्या जमेच्या बाजू. फ्रेंच त आणि द दातांवरचे, आपल्यासारखेच. प, त, क यांत हवेचा फुत्कार नाही, तेही आपलेच. पण इंग्रजीतून गाणं शिकलेली मुलं ‘तु’ला ‘टू’ करून मोकळी होतात. इंग्रजी बाजूला ठेवा, अर्धं काम झालं.

अनुनासिक स्वरांत कोंकणी बोलणारे पुढे, मराठी बोलणारे मागे. आपण अनुस्वाराच्या शेवटी ङ किंवा न लावतोच. स्वर नाकातून जाऊ द्यायचा आणि जीभ कुठेही टेकवायची नाही. नाक चिमटीत धरून तपासा, स्वर बदलला पाहिजे, पण शेवटी व्यंजन वाजता कामा नये. ‘तु’मधल्या स्वरासाठी जीभ ‘ई’च्या जागी ठेवून फक्त ओठ ‘ऊ’सारखे गोल करा. आरशासमोर रोज पाच मिनिटं, महिनाभर. लांब सुरावर ओठ सैल पडले की त्याचा लगेच ‘ई’ होतो. ही चूक सगळ्यांत जास्त ऐकू येते, कारण प्रियकराला उद्देशून ‘तु’ पानापानावर आहे.

र जिभेच्या टोकाचा घ्या किंवा घशातला, दोन्ही चालतात. एकदा ठरवा आणि बदलू नका. शब्दाच्या शेवटच्या मूक ‘ए’ला स्वतंत्र सूर दिला असेल तरच म्हणायचा, तोही हलका.

प्रश्न: ख्याल ऐकणाऱ्या कानाला यात गाणं सापडत नाही. सुरांवर नुसतं बोलणंच चाललंय असं वाटतं. शिवाय मध्ये मध्ये साथ थांबते, तेव्हा ती बाई सुरात कशी राहते? — कोल्हापूर

तुमच्या कानाचा दोष नाही. एका अक्षराला एक सूर, तोच सूर पुन्हा पुन्हा, लहान लहान अंतरं, असंच हे लिहिलंय. नाट्यपदासारखं थांबून, सजवून, वन्समोअर घेऊन गाणं इथे नाही. गाणं ऑर्केस्ट्रात आहे. सगळं काम वाद्यवृंदाच्या भरपूर विलासी नादात भिजलेलं असावं असं पुलँक म्हणतो, म्हणजे ती कोरडं बोलत असते तेव्हा तिच्या मनातलं वाद्यं सांगत असतात. फोनची घंटा झायलोफोनवर आहे, तिच्यावर खूण ठेवा. ती वाजली की नवा टप्पा सुरू. पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा अर्थ समोर ठेवा, दुसऱ्यांदा शब्द सोडून फक्त तारवाद्यांकडे लक्ष द्या. गोळ्यांच्या कबुलीतला वॉल्ट्झ आला की तुम्हाला गाणं सापडेल.

सुरात राहण्याचा तुमचा प्रश्न अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. इथे तंबोरा नाही. साथ थांबते, गायिका एकटी दोन-चार ओळी मोकळ्या लयीत म्हणते आणि ऑर्केस्ट्रा परत येतो. तोवर ती पाव सुराने उतरलेली असेल तर अख्ख्या सभागृहाला कळतं. उतरण्याची कारणं दोन. एकच सूर पुन्हा पुन्हा म्हणताना प्रत्येक वेळी तो किंचित खाली बसतो, आणि दुःखाचा अभिनय करताना श्वासाचा आधार सुटतो.

इलाज असा. साथ थांबते तिथला शेवटचा स्वरसमूह पियानोवर वाजवून त्यातला एक सूर निवडायचा आणि तुमच्या भाषेत सांगायचं तर त्याला षड्ज मानायचं. पुढच्या एकट्या ओळीतला प्रत्येक सूर त्याच्याशी ताडून म्हणायचा. ओळ संपली की पियानोवर पुढचा स्वरसमूह वाजवून बघायचा. उतरली असेल तर पुन्हा. ऑर्केस्ट्रा परत येण्याच्या प्रत्येक जागेची यादी करून रोज फक्त तेवढ्या जागा घोटायच्या. सबंध गाऊन ही चूक सुधारत नाही.

प्रश्न: पुण्यात ऑर्केस्ट्रा कुठून आणू? पियानोवर केलं तर चालेल का? हक्कांचं काय? — एक आयोजक

पियानोची प्रत बाजारात मिळते, पण ती तालमीसाठी. जाहीर प्रयोग नुसत्या पियानोवर व्हावा हे पुलँकला मान्य नव्हतं. त्याच्या पश्चात वारसांच्या संमतीने पियानोसह प्रयोग आणि ध्वनिमुद्रण झालं आहे. आमचं मत, तरुण गायिकेला पियानो सोयीचा पडतो, आवाज झाकला जात नाही. पण वर सांगितलेला नादाचा विलास हातचा जातो. झायलोफोन वाजवणारा एक जण तरी पियानोशेजारी उभा करा, घंटेला धार येते.

हक्कांचा हिशोब असा: पुलँक जानेवारी १९६३मध्ये गेला, कॉक्तो त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. भारतात मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे दोघांचीही २०२३च्या अखेरीस संपली. युरोपात ७० वर्षं, म्हणजे २०३३ संपेपर्यंत हक्क कायम. त्यामुळे पुण्यातल्या सभागृहातला प्रयोग वेगळा आणि त्याचं चित्रीकरण इंटरनेटवर टाकणं वेगळं. ते तिकडेही दिसणार, दावा येऊ शकतो. ऑर्केस्ट्राच्या वाद्यवार प्रती रिकोर्दी प्रकाशनाकडून भाड्याने घ्याव्या लागतात, त्यांच्या अटी निराळ्या. मराठीत कुणी अलीकडे भाषांतर केलेलं असेल तर ते वापरायला त्या भाषांतरकाराची परवानगी लागेलच.

पडद्यावर मराठी ओळी दाखवणार असाल तर एका वेळी दोनच, प्रत्येकी ३५-४० अक्षरांच्या आत. विराम आला की पडदा कोरा. पुढची ओळ आधीच दिसली तर जोसेफचा धक्का तिच्याआधी प्रेक्षकांना बसतो.

प्रश्न: रंगमंचावरचा फोन कसा असावा? मोबाइल दिला तर? — नेपथ्य करणारा विद्यार्थी, मुंबई

मोबाइल देऊ नका. अर्धी संहिता ऑपरेटरवर आणि एकमेकांत घुसलेल्या लाइनींवर उभी आहे. सुरुवातीलाच तिसरीच बाई मध्ये येते आणि हिला तिला लाइन सोडायला सांगावी लागते. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसलेल्या पिढीला हे समजावावं लागणार नाही, बाकीच्यांना चकतीचा फोन दिसला की कळेल.

रिसीव्हर जुन्या बाजारातला खरा घ्या, पण आतलं सगळं काढून हलका करा. ४० मिनिटं धरायचा आहे, जड असला तर खांदा वर चढतो, मान आखडते आणि त्याचा परिणाम थेट आवाजावर होतो. बोलायचं टोक ओठांसमोर नको, हनुवटीच्या खाली दोन बोटं. ओठांसमोर आलं की आवाज अडतो आणि चेहराही झाकतो. शक्यतो प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूच्या कानाला धरा. तो कान बंद झाल्याने ऑर्केस्ट्रा अर्धाच ऐकू येतो, म्हणून तालमी पहिल्या दिवसापासून फोन धरूनच करा. नाहीतर रंगीत तालमीला गायिका अचानक बेसूर होते आणि कारण कुणालाच कळत नाही.

वायर पाच ते सात मीटर, साधी, कापडी वेष्टनाची. वळ्यांची वायर केसांत आणि बटणांत अडकते. संहितेत ती वायर गळ्याभोवती घेते, ‘तुझा आवाज माझ्या गळ्याभोवती आहे’ म्हणते. इथे हयगय नको. वायर गळ्यावर नुसती टाकायची, वेढा नाही, गाठ तर नाहीच. फोनपासून हातभर अंतरावर चुंबकाचा किंवा हलक्या खटक्याचा जोड ठेवा, जरा ताण आला की सुटला पाहिजे. प्रत्येक प्रयोगाआधी तो सुटतो की नाही हे ओढून बघणारा माणूस नेमून द्या.

खोली निजण्याची आहे, तेव्हा पलंगाशेजारी पाण्याचा ग्लास असणं साहजिकच. त्यात खरं कोमट पाणी भरा आणि प्यायच्या दोन जागा दिग्दर्शनातच बसवा. एसी सभागृहात याचा फार उपयोग होतो. गुडघ्यांवर सरपटायचं असेल तर कपड्याखाली गुडघ्याचे पॅड द्या.

प्रश्न: आमच्या वर्गात विशीच्या आतबाहेरच्या चार मुली आणि दोन मुलगे आहेत. एकटीवर भार न टाकता एकांकी फ्रेंच काही करता येईल? — मडगाव

येईल, आणि आमच्या मते पुलँकच्या आधी तेच करावं.

शाब्रिएचा ‘युन एद्युकास्याँ मांके’ घ्या. पात्रं तीन: नवरी, नवरा आणि नवऱ्याचा गुरुजी. नवऱ्याची भूमिकाही सोप्रानोच करते, म्हणजे दोन मुलींची सोय झाली. १८७९मध्ये पॅरिसला तो पहिल्यांदा झाला तोच पियानोच्या साथीवर, त्यामुळे पियानोबद्दल मनात खंत ठेवायचं कारण नाही. गुरुजीला मात्र खरा खालचा आवाज लागतो, तुमच्या दोघांत तसा कुणी नसेल तर हा सोडा.

दुसरा ऑफेनबाखचा ‘पॉम दापी’, १८७३चा. एक सोप्रानो आणि दोन पुरुष: टेनर (उंच आवाज) आणि बॅरिटोन (मधला आवाज). शेगडीवरच्या जाळीवरून चाललेलं त्रिकूट त्यात आहे, त्याने सभागृह हमखास हसतं. यात मधले संवाद बोलायचे असतात आणि नवशिक्यांचं फ्रेंच तिथेच उघडं पडतं. गाणी फ्रेंचमध्ये ठेवून संवाद कोंकणीत किंवा मराठीत करा.

रावेलचा ‘लांफां ए ले सोर्तिलेज’ सबंध करणं तुमच्या संख्येत बसणार नाही. पण त्यातली आग आणि राजकन्या या दोन जागा चारांपैकी दोघींना जरूर द्या. आगीला वेगवान ताना आणि वरचे सूर आहेत, राजकन्येला लांब श्वास लागतो. कुठल्या मुलीचा गळा कुठे वळतोय ते तीन महिन्यांत दिसेल. आग देताना लय आधी निम्मी ठेवा आणि दर आठवड्याला मेट्रोनोमचे (लय मोजण्याच्या यंत्राचे) चार-चार ठोके वाढवा. घाई केली की ताना पुसट होतात, आणि एकदा पुसट बसलेली तान पुन्हा स्वच्छ करायला दुप्पट वेळ जातो.